बाईसाहेब आडव्या जातात

कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत मांजरींची बाजू घेऊन भांडणारा असा खंदा वकील आमच्या हिच्या काकांच्या आधी झाला नाही आणि त्यांच्यामागे होईल असंही मला वाटत नाही. वकील म्हटलं तरी काळा कोट त्यांनी जन्मात अंगाला लावला नाही. ते अंधेरीच्या एका स्टुडिओत पडदे रंगवायचे. सिनेमात नायिकेच्या पाठीमागे जो राजवाडा दिसतो किंवा पौर्णिमेचं आकाश दिसतं, ते पुष्कळदा कापडावर काढलेलं असतं आणि त्या कापडावर काकांसारख्या कुणाचा तरी ब्रश फिरलेला असतो. पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. काकांचा जीव गुंतला होता तो मांजरींत. घरात मांजरींचा कळप पाळणाऱ्यांपैकी ते नव्हते. घरात मांजर एकच होती. त्यांचं भांडण होतं ते गोष्टींतल्या, कादंबऱ्यांतल्या आणि सिनेमांतल्या मांजरींसाठी. लिहिणाऱ्यांनी आणि पिक्चर काढणाऱ्यांनी या जातीवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नसे.

"कुत्र्याचं बघ," ते मला म्हणायचे, "दर पिक्चरमध्ये मालकाचा जीव वाचवतो. घोडा लढाई जिंकून देतो. अरे, पोपटसुद्धा चिठ्ठी नेऊन पोचवतो. आणि मांजर काय करते? दूध चोरते, नाहीतर आडवी जाते. जन्मभर पिक्चर बघतोय, पण एक मांजर भल्या कामाला आलेली कुणी दाखवली नाही रे. तेवढी एक बघितली की डोळे मिटायला मोकळा!"

म्हणींशीसुद्धा त्यांनी वैर धरलं होतं. त्यांच्यासमोर एकदा माझ्या तोंडून 'शिंकं तुटलं आणि बोक्याचं साधलं' असं सहज निघून गेलं. झालं! "शिंकं बांधलं कुणी? माणसानं. कुजकी दोरी वापरली कुणी? माणसानं. मग मध्ये बोक्याचं नाव कशाला घेतोस?" मांजर डोळे मिटून दूध पिते, यावर तर त्यांचं म्हणणं असं, की चांगलं खाताना डोळे कुणाचेही मिटतात. "परवा बासुंदी खाताना तुझे मिटले होते. मी बघितलंय. तुला कोणी ढोंगी म्हटलं?" तेव्हापासून त्यांच्याकडे बासुंदी असली की मी डोळे टक्क उघडे ठेवून खाऊ लागलो. खरं सांगतो, तशी ती लागत नाही.

काकांना वाचनाचा नाद होता, पण वाचनालयात पुस्तक हातात घेतलं की लेखकाचं नाव बघायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "यात मांजर आहे?" तिथल्या बाई सुरुवातीला चिडायच्या. मग त्यांनी हात टेकले आणि काकांसाठी म्हणून पुस्तकं चाळून ठेवू लागल्या. "आहे हो काका, तिसऱ्या प्रकरणात आहे. पण मरते." "मग नको," म्हणून काका पुस्तक परत सरकवत. रहस्यकथा मात्र ते आवडीनं वाचायचे. खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लेखक लपवून ठेवी आणि काका ते पहिल्या काही पानांत सांगून मोकळे होत. एका कादंबरीतला खुनी त्यांनी कसा ओळखला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तो पुतण्या आत आला आणि खिडकीतली मांजर उठून गेली. लेखकानं ते असंच लिहून टाकलंय, त्या बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही. मांजरीला कळलं."

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे एक दिव्यच असे. आमचं नवीनच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. काका-काकूंना आम्ही घाटकोपरला आमच्याकडे जेवायला बोलावलं आणि दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. कौटुंबिक चित्र होतं. पहिल्या भागात नायिकेच्या मांडीवर एक पांढरी मांजर होती, त्यामुळे काका खुशीत होते. इंटरव्हलनंतर सासूनं नायिकेला घराबाहेर काढलं, तिचं मूल हरवलं, नवरा आंधळा झाला. थिएटर हुंदके देत होतं. आमच्या हिनं स्वतःचा रुमाल भिजवून माझा घेतला होता. एवढ्यात काका अंधारात उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, पण मांजर कुठाय?" मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, बसा ना खाली!" ते बसले, पण चित्र संपल्यावर थेट मॅनेजरच्या खोलीत. मॅनेजर म्हणाला, "साहेब, आम्ही फक्त रिळांच्या पेट्या आणतो आणि लावतो. पिक्चर आम्ही नाय बनवत." काका म्हणाले, "मग पेटीत नीट बघा. तिथंच राहिली असेल."

स्टुडिओतसुद्धा हीच तऱ्हा. त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक पडद्यावर कुठंतरी एक मांजर असायचीच. राजवाड्याच्या सज्जात, कोळीवाड्यातल्या होडीवर, एकदा तर तुरुंगाच्या भिंतीवरसुद्धा. एवढीशी काढायचे, त्यामुळे सहसा कुणाच्या लक्षात यायची नाही. पण एका पौराणिक चित्राच्या वेळी देवांचा दरबार रंगवला, त्यात एका खांबाच्या आडून शेपटी डोकावत होती, ती दिग्दर्शकाला दिसली. तो भडकला. "स्वर्गात मांजर कशाला?" काका ब्रश पुसत शांतपणे म्हणाले, "नसेल तर मग तो स्वर्ग कसला?" शेपटी पुसावी लागली. पण त्या जागी त्यांनी जो ढग काढला, त्याला नीट बघितलं तर दोन कान होते.

घरात जी एकुलती एक मांजर होती, तिचं नाव बाईसाहेब. राखी रंग, अंगावर पट्टे, एक कान फाटलेला आणि चालण्यात संस्थानिकाचा तोरा. काका घरच्या सगळ्यांना अरे-तुरे करायचे, पण तिला अहो-जाहो. "बाईसाहेब, उठता का? बिछाना घालायचाय." खारदांड्याची कोळीण पाटी घेऊन दारात आली की आधी बाईसाहेबांपुढे एक बोंबील टाकायची आणि मगच काकूंशी भाव बोलायची. काकू मालवणकडच्या, तोंडानं फटकळ. "ह्या घरात माका कोण इचारता?" त्या म्हणायच्या. "आधी मांजरीक, मगे कोळणीक, आणि उरला तर माका." त्यांनी बाईसाहेबांना कधी नावानं हाक मारली नाही. 'मेली' एवढाच उल्लेख.

माझं लग्न ठरलं त्यातही बाईसाहेबांचा हात होता. हिच्या वडिलांमागे घरातलं कर्तं माणूस म्हणजे काका, म्हणून बघण्याचा कार्यक्रम त्यांच्या खोलीत झाला. मी पोह्यांची बशी हातात धरून बसलो होतो. पगार, शिक्षण, गाव यांतलं काकांनी काहीच विचारलं नाही. ते नुसते बघत होते. बाईसाहेब आल्या, त्यांनी माझे मोजे हुंगले, थोडा विचार केला आणि मांडीवर चढून बसल्या. मला मांजरीची अगदी किळस. पण समोर मुलगी आवडली होती, त्यामुळे बशी उंच धरून पोहे खात राहिलो. काका उठले आणि आतल्या बाजूला बघून म्हणाले, "साखर आणा." आधीचं एक चांगलं डॉक्टर स्थळ बाईसाहेब फिस्कारल्या म्हणून मोडलं होतं, हे मला पुढं कळलं.

आता काकूंचा एक नेम सांगायला हवा, कारण त्याच्याशी पुढच्या गोष्टीचा संबंध आहे. मांजर आडवी गेली की पुढं पाऊल टाकायचं नाही, जरा थांबायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला आधी जाऊ द्यायचं, हा त्यांच्या माहेरचा शिरस्ता. रस्त्यावर ठीक आहे हो. पण दोन खोल्यांच्या घरात मांजर पाळल्यावर ती आडवी जाणार नाही तर जाणार कुठं? काकू चुलीकडून मोरीकडे निघाल्या की बाईसाहेब मधून जात. काकू हातात तापलेलं पातेलं घेऊन उभ्या राहत. "अरे, कोण तरी जावा रे पुढे!" मग काका वर्तमानपत्र ठेवून उठत, काकूंच्या पुढून मोरीपर्यंत जाऊन येत आणि परत बसत. "बघ, गेलो. काय झालं? काही नाही." दिवसभर त्या घरात हे चाललेलं असे. काका स्वतः मांजरीसाठी कधी थांबले नाहीत. उलट ती आडवी गेली की मुद्दाम तिच्यामागून चालू लागत.

अशात एके दिवशी स्टुडिओत एका नव्या चित्रासाठी मांजर हवी झाली. दिग्दर्शक तरुण होता. त्यानं काकांना गाठलं आणि बाईसाहेबांना काम देऊ केलं. काका हरखलेच. मग त्यांनी प्रसंग विचारला. नायक घर सोडून नशीब काढायला निघतो, म्हातारी आई दारात उभी, इतक्यात मांजर आडवी जाते. नायक हसतो, "असल्या गोष्टींना मी भीत नाही, आई!" म्हणून पुढं जातो आणि मग सगळ्या चित्रभर त्याची वाट लागते. काकांचा चेहरा पडला. "म्हणजे पुन्हा तेच! ते नाही जमायचं. तो पुढं जातो आणि त्याचं भलं होतं, असं करा." दिग्दर्शक म्हणाला, "अहो काका, मग मांजर कशाला? आणि पिक्चर तरी कशाला?"

काका घरी येऊन दोन घास न खाता बसून राहिले. ज्या बदनामीविरुद्ध जन्मभर भांडलो, तिच्यासाठी घरचीच लेक द्यायची? मी समजूत घालायला गेलो होतो, पण समजूत काकूंनी घातली. "माणसां कामासाठी स्टुडिओच्या दारात तपश्चर्या करतत," त्या म्हणाल्या, "आणि हिका घरबसल्या बोलावणां इला. पाठवा मेलीक. निदान तितको वेळ माका घरात सरळ चलाक मिळात." काका हसले आणि अखेर कबूल झाले, पण अटी घालून. मांजर पळताना दाखवायची नाही, डौलात चालताना दाखवायची. आणि तिला काळा रंग फासायचा नाही. चित्र काळं-पांढरं असल्यामुळे राखी मांजर काय नि काळी काय, दिग्दर्शकानं दोन्ही अटी मान्य केल्या.

चित्रीकरणाच्या दिवशी टोपली धरायला मला नेलं होतं. खोटं अंगण, खोटी केळ, खोटी विहीर. मी केळीमागे टोपली घेऊन बसायचं आणि काकांनी पलीकडे विहिरीआड सुका बोंबील घेऊन. म्हणजे बाईसाहेब माझ्याकडून त्यांच्याकडे जाणार आणि वाटेवरून येणाऱ्या नायकाला आडव्या जाणार. नायक म्हणजे पडद्यावर एका हातानं गुंडांची टोळी लोळवणारा गडी. जवळून बघितलं तर त्याच्या दंडाला ताईत होता आणि बोटांत खड्यांच्या अंगठ्या. मी टोपली उघडली. बाईसाहेब बाहेर आल्या, वाटेच्या मधोमध बसल्या आणि पाय वर करून अंग चाटू लागल्या. कट! पुन्हा टोपलीत. पुन्हा तेच. दिवे तापले, आई झालेल्या बाई घामानं निथळल्या, दिग्दर्शक डोकं धरून बसला. मग कसं कोण जाणे, बाईसाहेबांच्या मनात आलं. शेपटी उभारून, फाटका कान ताठ करून त्या अशा झोकात वाट ओलांडून गेल्या की वरचा लाइटवालासुद्धा म्हणाला, "झकास!"

नायक आला. "असल्या गोष्टींना मी भीत नाही, आई!" असं छाती काढून म्हणाला आणि जागच्या जागी उभा राहिला. दिग्दर्शक दबक्या आवाजात म्हणाला, "चला ना पुढं." नायक हलेना. "आधी कुणालातरी जाऊ दे यार," तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "मांजर खरोखर आडवी गेलीय." दिग्दर्शकानं असिस्टंटला खूण केली. असिस्टंट म्हणाला, "माझी परवा परीक्षा आहे, सर." कॅमेरामन म्हणाला, "मी कॅमेरा सोडू कसा?" आई झालेल्या बाईंनी तर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. शेवटी सगळे दिग्दर्शकाकडे बघू लागले, तेव्हा तो आपल्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ज्यांनी मांजरीला आडवं जायला मुद्दाम बोलावलं, त्यांतला एकही माणूस ती आडवी गेल्यावर पाऊल टाकायला तयार नव्हता. कॅमेरा मात्र सुरूच होता, बंद करायला सांगायचं भान कुणाला?

विहिरीआडून काका हे बघत होते. त्यांचा पारा चढला. रंगानं माखलेला सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात बोंबील, असे ते तरातरा बाहेर आले आणि म्हणाले, "चला, बाईसाहेब. इथं सगळे भित्रे भरलेत." बाईसाहेब वळल्या आणि शेपटी उभी करून वाटेनं पुढं चालू लागल्या. त्यांच्यामागून काका चालले. बाईसाहेब आडव्या गेल्या होत्या ती रेघ त्यांनी ओलांडली, तशी नायकाला हायसं वाटलं, तो पोट धरून खदाखदा हसला आणि त्यांच्यामागून निघाला. दिग्दर्शक उडीच मारून उठला. तो म्हणाला की असा मनापासून हसताना हा माणूस आजवर कुठल्या पिक्चरमध्ये दिसलेला नाही, हा शॉट आहे तसाच ठेवायचा. काकांचं 'सगळे भित्रे भरलेत' हे वाक्य तेवढं त्यानं कापलं.

काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. "कळलं का तुला काय झालं?" घरी येताना ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. "मांजर आडवी गेली, तिनंच वाट दाखवली आणि तो हसत हसत गेला. अरे, सगळा सीन फिरवला आमच्या बाईसाहेबांनी!" आता फक्त पिक्चर लागायची खोटी होती. बाईसाहेबांनाही थिएटरात न्यायचं असा त्यांचा बेत होता. स्वतःचं काम त्यांनी बघायला नको?

पण पिक्चर रखडलं. कधी निर्माता आजारी, कधी नायिकेचं लग्न, कधी आणखी काही. मी गेलो की काका आधी विचारत, "जाहिरात दिसली का रे कुठं?" मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "येईल. घाईचं काम मांजरीचं नव्हे." आणि पुढच्याच थंडीत एका सकाळी, पडदा रंगवता रंगवता, त्यांच्या छातीत कळ आली आणि काका गेले. मला फार लागलं ते. स्वतःच्या काकांसाठी मी एवढा रडलो नव्हतो. त्यांनी अर्धवट सोडलेल्या पडद्यावर एक मोठं देऊळ होतं. कळस राहिला होता, पण पायरीवरची मांजर काढून झाली होती.

पिक्चर लागलं ते पावसाळा सरल्यावर. मी भीत भीत काकूंना सांगितलं. वाटलं होतं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "जाऊया," आणि निघताना त्यांच्या हातात झाकणाची टोपली होती. डोअरकीपरनं हटकलं, "मावशी, यात काय?" "फणस आसा," काकू ठसक्यात म्हणाल्या. फणसाचे दिवस कधीच सरले होते, पण काकूंच्या आवाजापुढं तो काय बोलणार! फणस त्यांच्या मांडीवर निवांत झोपला होता.

तो प्रसंग आला. आई दारात उभी, केळ, विहीर. बाईसाहेब डौलात वाट ओलांडून गेल्या. नायक थबकला. आणि मग विहिरीआडून काका आले, तसेच, तरातरा, हातात बोंबील. "चला, बाईसाहेब." थिएटर हसलं. त्याच क्षणी टोपलीत हालचाल झाली आणि आतून एक लांबलचक म्याव आलं. आवाज ओळखून आलं की नुसती झोपमोड होऊन, ते मला सांगता येणार नाही. काका सांगू शकले असते. लोक आणखी हसले. आमची ही माझा दंड घट्ट धरून बसली होती. पडद्यावर काका मांजरीमागून चालत चालत कडेला गेले आणि दिसेनासे झाले. काकू पडद्याकडेच बघत होत्या. हळूच, जसं घरात बोलायच्या तसं म्हणाल्या, "मांजर आडवां गेलां मगे जरा थांबाक काय झालां तुमका?"

पुढचं पिक्चर आम्ही बघितलं नाही. घराच्या गल्लीत आल्यावर काकूंनी टोपली खाली ठेवून झाकण काढलं. बाईसाहेब उतरल्या, अंग ताणलं आणि सवयीप्रमाणे आमच्या पुढ्यातून आडव्या गेल्या. मी आणि ही जागच्या जागी थांबलो. काकूंसाठी थांबायची आम्हांला सवयच झाली होती. आता पुढं जायला काका नव्हते, म्हणून मीच पाऊल उचललं. पण काकूंनी हातानं मला मागं सारलं, पदर खोचला आणि त्या थेट मांजरीमागून चालू लागल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "चला, बाईसाहेब."